नाव आपलं, डोमेन कुणाच्या खात्यात?

व्यवसायाचं नाव, ट्रेडमार्क आणि डोमेन यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या वेळी देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. ट्रेडमार्कचा कायदा देशोदेशी वेगळा असतो, डॉट कॉमसारख्या डोमेनचे नियम मात्र बहुतांशी जगभर सारखे. वाचताना हा फरक डोक्यात असू द्या.

प्रश्न : कंपनीची नोंदणी झाली आहे, डोमेनही विकत घेतलं आहे. मग ट्रेडमार्कचा वेगळा खर्च कशासाठी?

'विकत घेतलं' इथपासूनच गडबड आहे. डोमेन भाडेपट्ट्यासारखं मिळतं, डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, तुमच्याशी करार करतो, पण ते नाव वापरायचा तुम्हाला हक्क आहे का, हे तपासत नाही. जो आधी पैसे भरेल त्याचं नाव. कंपन्यांची नोंदणी करणारं कार्यालय मुख्यतः दुसऱ्या कंपनीचं नाव सारखं नाही ना, एवढं बघतं. 'तुझ्या मालावर हे नाव लावू नकोस' असं दुसऱ्याला बजावण्याचा अधिकार येतो तो ट्रेडमार्कमधून, आणि तोही ठरावीक देशात, ठरावीक वर्गांपुरता.

हे वर्ग नीस वर्गीकरणाचे, म्हणजे ट्रेडमार्कसाठी केलेल्या माल आणि सेवांच्या आंतरराष्ट्रीय यादीचे. एकूण 45 वर्ग, त्यांत 1 ते 34 मालाचे आणि 35 ते 45 सेवांचे. एकच नाव पंप बनवणाऱ्याकडे सातव्या वर्गात आणि शिकवणी घेणाऱ्याकडे एकेचाळिसाव्या वर्गात गुण्यागोविंदाने नांदू शकतं. डॉट कॉममध्ये मात्र ते एकालाच मिळणार. बहुतेक भांडणांचं मूळ इथे आहे. अमेरिकेत उझी निसान यांनी आपल्या आडनावाचं डॉट कॉम 1994 मध्ये घेतलं, त्यावर संगणकाचा व्यवसाय चालवला. निसान मोटार कंपनीने 1999 मध्ये खटला भरला, तो वर्षानुवर्षं चालला आणि डोमेन शेवटी उझी यांच्याकडेच राहिलं.

उलट बाजूही तितकीच खरी. नुसतं डोमेन हाती असेल आणि उद्या कुणी त्याच नावात एक जोडरेघ घालून दुकान मांडलं, तर दाखवायला तुमच्याकडे फारसं काही नसतं. नोंदणी नसलेल्या नावालाही काही देशांत संरक्षण मिळतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या प्रकरणात डोमेनला 'पासिंग ऑफ'चं, म्हणजे आपल्या नावाआड दुसऱ्याने माल खपवण्याविरुद्धचं, संरक्षण मान्य केलं. पण तिथे नावाची बाजारातली ओळख पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. जाहिराती, बिलं, विक्रीचे आकडे, सगळं. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवणं त्याहून खूप सोपं.

प्रश्न : नवं नाव ठरतंय. आधी ट्रेडमार्कचा अर्ज की आधी डोमेन?

आधी शोध, मग डोमेन, मग लगेच अर्ज. डोमेन आणि अर्ज यांत दिवसांचंच अंतर असावं.

शोध घेताना नुसतं हुबेहूब नाव टाकून 'काही सापडलं नाही' म्हणून उठू नका. ट्रेडमार्कमध्ये उच्चारातलं साम्यही मोजतात. आपल्याकडची नावं रोमन अक्षरांत दहा तऱ्हांनी लिहिली जातात. 'लक्ष्मी'तल्या 'क्ष'साठी कुणी के-एस-एच लिहितो, कुणी नुसता एक्स. 'दीप'मध्ये कुणी दोन ई घालतो, कुणी एक आय. प्रत्येक तऱ्हा आपल्या देशाच्या नोंदवहीत तपासा आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, म्हणजे वायपोच्या, ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्येही. तो फुकट वापरता येतो.

डोमेन आधी घ्यायचं कारण साधं आहे. ट्रेडमार्कचे अर्ज सार्वजनिक नोंदवहीत दिसतात आणि त्यावर नजर ठेवून मोकळी डोमेन उचलणारे लोक असतात. आयत्या बिळावर नागोबा व्हायला त्यांना एक दिवस पुरतो.

अर्ज शक्यतो नुसत्या शब्दाचा करा, साध्या अक्षरांत, 'डॉट कॉम' न जोडता. लोगोसकट केलेला अर्ज त्या चित्राला बांधलेला राहतो. पुढे डोमेनच्या तक्रारीत चित्राचा उपयोग नसतो, तिथे शब्दाला शब्द ताडून पाहतात. वर्ग निवडताना 'आमची वेबसाइट आहे' म्हणून अडतिसावा किंवा बेचाळिसावा वर्ग घेणारे बरेच दिसतात. ते पैसे वाया जातात. वर्ग ठरतो तुम्ही काय विकता त्यावरून. टेबल-खुर्च्या स्वतः बनवून विकत असाल तर विसावा, दुसऱ्यांचा माल दुकानातून विकत असाल तर पस्तिसावा, डाउनलोड होणारं ॲप असेल तर नववा, ऑनलाइन वापरायला दिलेलं सॉफ्टवेअर असेल तर बेचाळिसावा.

नाव मालाचं निव्वळ वर्णन करणारं असेल तर अडचण आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये बुकिंग डॉट कॉमला नोंदणीचा मार्ग मोकळा करून दिला, पण ग्राहक ते नाव ब्रँड म्हणून ओळखतात याचा पुरावा कंपनीकडे होता. नव्या व्यवसायाकडे तो नसतो. अर्थ न लागणारा, बनवलेला शब्द पहिल्या दिवशी परका वाटतो, पण कागदोपत्री तोच सर्वांत भक्कम.

परदेशातही विकणार असाल तर पहिल्या अर्जापासून 6 महिन्यांत बौद्धिक संपदेच्या पॅरिस करारातल्या इतर देशांत अर्ज केल्यास पहिलीच तारीख धरली जाते. आणि एक बारीक गोष्ट : नोंदणी होईपर्यंत नावापुढे 'टीएम' चालतं. वर्तुळातला 'आर' त्याआधी लावणं अनेक देशांत गुन्हा आहे.

प्रश्न : वेबसाइट बनवणाऱ्यानेच डोमेन घेतलं होतं. आता तो फोन उचलत नाही. नाव तर आमचंच आहे ना?

या आशयाचे प्रश्न सर्वांत जास्त होते, म्हणून सविस्तर.

'नाव आमचं' हे ग्राहकाच्या दृष्टीने. रजिस्ट्रारच्या दृष्टीने ज्याचं नाव धारक म्हणून नोंदलंय तो मालक. पूर्वी ही नोंद कुणालाही बघता यायची. 2018 मध्ये युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक नावं झाकलेली असतात. बाहेरून आरडीएपी शोधात, म्हणजे डोमेनच्या उघड नोंदींच्या शोधात, रजिस्ट्रार कोण, डोमेन कधी बनलं, मुदत कधी संपते आणि हस्तांतर रोखणारं कुलूप आहे का, एवढं कळतं. बाकीचं पाहायला खात्यात शिरावं लागतं.

शिरल्यावर चार गोष्टी पाहा : धारक म्हणून कोण आहे, संस्थेच्या रकान्यात कुणाचं नाव आहे, ईमेल कुणाचा आहे आणि पैसे कुणाच्या कार्डावरून जातात. संस्थेचा रकाना रिकामा सोडणं ही नेहमीची चूक. तिथे व्यवसायाचं कायदेशीर नाव हवं. नाहीतर कंपनी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर डोमेन राहतं.

ईमेलचा सापळा तर फारच ओळखीचा. धारकाचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवलेला असतो. कार्डाची मुदत संपते, नूतनीकरण होत नाही, डोमेन बंद पडतं आणि त्यासोबत ईमेलही. आता पासवर्ड बदलायला जावं, तर दुवा येतो त्याच बंद पडलेल्या पत्त्यावर. किल्ली आत, कुलूप बाहेर! म्हणून खात्यासाठी वेगळ्या सेवेवरचा ईमेल ठेवा, दोघांना तो बघता येईल असा, आणि दुहेरी पडताळणी लावा.

डेव्हलपर सापडला आणि तयार असेल तर क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी डीएनएसच्या, म्हणजे डोमेनची वेबसाइट आणि मेल कुठे आहे ते सांगणाऱ्या, सगळ्या नोंदींची प्रत काढा : वेबसाइटच्या ए आणि सीनेम, मेलची एमएक्स, पडताळणीच्या टीएक्सटी नोंदी. बऱ्याचदा या नोंदी ठेवणारे नेमसर्व्हरही त्याचेच असतात. डोमेन हलवल्यावर त्याने ते बंद केले की वेबसाइट तर जातेच, मेलही थांबतो, आणि ग्राहकांचा फोन येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत हाती आली की कुलूप काढून ऑथ कोड, म्हणजे हस्तांतराचा पासवर्ड, मागा, आपल्या रजिस्ट्रारकडे हस्तांतर सुरू करा. त्याला साधारण 5 दिवस लागतात. धारकाचं नाव बदललं की अनेक रजिस्ट्रार 60 दिवस हस्तांतर रोखतात, म्हणून आधी हस्तांतर आणि मग नावबदल, किंवा नावबदल करतानाच ही बंदी नको असं नोंदवता येतं का, ते विचारा. नव्या धारकाला पडताळणीचा मेल येतो. 15 दिवसांत त्याला उत्तर गेलं नाही तर डोमेन तात्पुरतं बंद पडू शकतं. तो मेल जाहिरात समजून पुसून टाकणारे कमी नाहीत.

तो तयार नसेल तर? रजिस्ट्रार तुमच्या भांडणात पडणार नाही. डोमेनच्या तक्रारीची जी पद्धत पुढे सांगितली आहे, तिथेही निवाडा करणारं पॅनेल अशी प्रकरणं अनेकदा 'हा कराराचा वाद, न्यायालयात जा' म्हणून परत पाठवतं. तेव्हा कामी येतात ती बिलं. 'डोमेन नोंदणी, अमुक नावासाठी' असं लिहिलेलं एक बिल आणि ते भरल्याची नोंद न्यायालयात शंभर मेलांपेक्षा बोलकी ठरते. पुढचं काम देताना करारात एक ओळ घाला : डोमेन ग्राहकाच्या खात्यात, ग्राहकाच्या नावावरच घेतलं जाईल.

प्रश्न : मुदत संपून गेली. डोमेन गेलं का?

अजून नाही. डॉट कॉमसाठी मुदतीनंतर 45 दिवसांपर्यंत नेहमीच्या दरात नूतनीकरण होऊ शकतं, नंतर 30 दिवस सोडवून घेण्याचे, त्यांत बराच जास्त आकार पडतो, आणि शेवटचे 5 दिवस कुणालाच काही करता येत नाही. त्यानंतर नाव मोकळं. पण पहिले 45 दिवस तुमचे हक्काचे समजू नका. किती द्यायचे ते रजिस्ट्रार ठरवतो, आणि बरेचजण त्या काळातच डोमेन लिलावात काढतात. देशांच्या डोमेनचं वेळापत्रक वेगळं असतं. रजिस्ट्रारने मुदतीआधी महिनाभर आणि आठवडाभर सूचना पाठवायची असते. त्या कुणाच्या पत्त्यावर जातात, हे वर लिहिलंच आहे.

प्रश्न : आमच्या नावाचं डॉट कॉम कुणीतरी अडकवून ठेवलंय. पानावर फक्त 'विकणे आहे'. किंमत अवाच्या सवा सांगतो. आमच्याकडे नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे.

आमचा उलट प्रश्न : त्याने ते कधी घेतलं आणि तुमचं नाव बाजारात कधी आलं?

डोमेनचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने 1999 मध्ये डोमेनच्या तक्रारींसाठी यूडीआरपी हे धोरण आणलं. निकाल वायपोसारख्या संस्थेने नेमलेलं पॅनेल देतं. डॉट कॉम घेणारा प्रत्येकजण ते मान्य करूनच घेतो. त्यात तक्रारदाराला तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात : डोमेन आपल्या ट्रेडमार्कसारखं किंवा त्याच्याशी घोटाळा होईल इतकं जवळचं आहे, धारकाला त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वाईट हेतूनेच वापरतोय. तिसऱ्या अटीतला 'आणि' महत्त्वाचा. तुमचा व्यवसाय जन्मालाच आला नव्हता तेव्हा त्याने नाव घेतलं असेल, तर तुमच्यावर डोळा ठेवून घेतलं असं म्हणता येत नाही. आता ट्रेडमार्क काढून मागाहून तक्रार करणं म्हणजे वरातीमागून घोडं. वर पॅनेलने 'रिव्हर्स डोमेन नेम हायजॅकिंग', म्हणजे तक्रारीच्या आडून डोमेन बळकावण्याचा प्रयत्न, असा शेरा मारला, तर तो तुमच्या नावासकट कायमचा उघड राहतो. अशा वेळी घासाघीस करून विकत घेणं किंवा नाव थोडं बदलणं शहाणपणाचं.

यात एक मेख आहे. डोमेन मध्येच दुसऱ्याला विकलं गेलं असेल तर आताच्या धारकाने ते कधी मिळवलं ती तारीख मोजतात. आरडीएपीत दिसते ती मूळ निर्मितीची तारीख. म्हणून 'डोमेन 15 वर्षांचं आहे' म्हणून लगेच हातपाय गाळू नका, जुन्या नोंदींतून मालक कधी बदलला ते शोधा.

तारीख तुमच्या बाजूने असेल तर पान रिकामं असणं ही त्याची ढाल होत नाही. टेलस्ट्रा विरुद्ध न्यूक्लिअर मार्शमेलोज या वायपोच्या 2000 सालच्या निकालात पॅनेलने स्पष्ट केलं की काही परिस्थितीत नुसतं अडकवून ठेवणंही वाईट हेतूने वापरणंच ठरतं.

किंमत कोणी आधी काढली, यालाही अर्थ असतो. तो आपणहून मोठी रक्कम मागत आला तर तो मेल पुरावा म्हणून जपून ठेवा. तुम्हीच 'किती घेणार?' विचारून उत्तर मिळवलं असेल तर त्याचं वजन कमी होतं. धमकीची नोटीसही विचार करून पाठवा, कारण ती मिळताच डोमेन तिसऱ्याच्या नावावर सरकवलं जाऊ शकतं. तक्रार दाखल झाल्यावर मात्र रजिस्ट्रारला दोन कामकाजी दिवसांत डोमेनला कुलूप घालावं लागतं.

वायपोकडे 1 ते 5 डोमेनसाठी एकसदस्यीय पॅनेलचं शुल्क 1,500 डॉलर, तीन सदस्यांचं 4,000. धारकाला उत्तरासाठी 20 दिवस. साधारण दोन महिन्यांत निकाल. जिंकलात तर डोमेन तुमच्याकडे येतं किंवा रद्द होतं. नुकसानभरपाई मिळत नाही. निकालानंतर 10 कामकाजी दिवसांत धारक न्यायालयात गेला तर अंमलबजावणी थांबते.

देशांच्या डोमेनचे नियम वेगळे. डॉट इनच्या धोरणात 'आणि'च्या जागी 'किंवा' आहे, म्हणजे घेताना किंवा वापरताना, कुठलाही एक वाईट हेतू पुरतो. डॉट यूकेमध्ये आधी फुकट मध्यस्थी होते. तिथे बरीच प्रकरणं मिटतात.

प्रश्न : आम्ही एका मोठ्या ब्रँडची यंत्रं दुरुस्त करतो. डोमेनमध्ये त्या ब्रँडचं नाव घातलं तर चालेल?

चालू शकतं, पण चार अटींवर, ज्या ओकी डेटा या 2001 सालच्या यूडीआरपी प्रकरणात मांडल्या गेल्या. तुम्ही खरोखरच ती सेवा देत असलं पाहिजे. साइटवर फक्त त्याच ब्रँडचं काम असावं. आपण स्वतंत्र आहोत, कंपनीचे नाही, हे ठळक दिसावं. आणि त्या ब्रँडची डोमेन घाऊक गोळा केलेली नसावीत. बहुतेकजण दुसऱ्या अटीत आपटतात, कारण त्याच पानावर दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भागही विकायला ठेवतात. ब्रँडचं नुसतं नाव घेण्याऐवजी त्याला 'दुरुस्ती' वगैरे शब्द जोडा. तरीही आमचा सल्ला : स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या आणि ब्रँडचं नाव पानावरच्या मजकुरात वापरा.

प्रश्न : आमच्यासारखीच दिसणारी साइट लोकांकडून पैसे घेतेय. यूडीआरपीला दोन महिने लागतात. तोवर काय?

तोवर थांबायचं नाही. हा ट्रेडमार्कचा वाद म्हणून न मांडता फिशिंग म्हणून मांडा. एप्रिल 2024 पासून आयकॅनच्या करारानुसार, फिशिंगचा कारवाईयोग्य पुरावा मिळाल्यावर रजिस्ट्रारला ते थांबवायला पावलं उचलावी लागतात. त्याच्या गैरवापर तक्रार पत्त्यावर पूर्ण दुवा, तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट, फसव्या मेलचे मूळ हेडर आणि खरी साइट कोणती, हे पाठवा. तेच होस्टिंगवाल्याला, पैसे घेणाऱ्या पेमेंट सेवेला आणि सायबर पोलिसांना. 'आमचा ट्रेडमार्क चोरला' एवढंच लिहिलेली तक्रार रजिस्ट्रार बाजूला ठेवतो. 'हे पान ग्राहकांचे कार्ड क्रमांक गोळा करतंय' लिहिलेली उघडतो.

प्रश्न : मग मिळतीजुळती सगळी डोमेन आपणच घेऊन ठेवावीत का? देवनागरी डोमेन घ्यावं का?

सगळी घेणं कुणालाच शक्य नाही. मुख्य डोमेन, जिथे विकता त्या देशांची, आणि हमखास होणाऱ्या दोन-तीन चुकांची, इतकी पुरतात. 'क्ष'च्या दोन तऱ्हा असल्या तर दोन्ही. उरलेल्यांवर नजर ठेवा. वेबसाइटच्या प्रत्येक नव्या सुरक्षा प्रमाणपत्राची उघड नोंद होते, आणि त्या नोंदींत आपलं नाव शोधत राहिलं की नकली साइट बऱ्याचदा सुरू होतानाच दिसते.

घेऊन ठेवलेली डोमेन बेवारस सोडू नका. त्यांच्या नावाने कुणी खोटे मेल पाठवू नये म्हणून एसपीएफमध्ये, म्हणजे मेल कोण पाठवू शकतो त्या नोंदीत, 'कुणालाही परवानगी नाही', डीमार्कमध्ये, म्हणजे खोट्या मेलचं काय करायचं त्या नोंदीत, 'रिजेक्ट' आणि एमएक्सच्या जागी नुसता ठिपका ठेवा. पाच मिनिटांचं काम.

देवनागरी डोमेन पडद्याआड रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठवलं जातं. 63 अक्षरांची मर्यादा त्या रूपाला लागते, म्हणून नाव आखूड हवं. 'अंबर' आणि 'अम्बर' ही आपल्याला एकच, संगणकाला दोन वेगळी नावं. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. ग्राहक नाव जसं लिहितात तसं घ्या, शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे नव्हे.

प्रश्न : 'तुमच्या नावाची डोमेन दुसरी कंपनी नोंदवतेय, तुम्हाला आधी संधी देतो' असा मेल आलाय.

पुसून टाका. रजिस्ट्रार असं कुणाला विचारत नाही, ती 'दुसरी कंपनी' बहुधा अस्तित्वातच नसते. ट्रेडमार्कचा अर्ज प्रकाशित झाल्यावर सरकारी थाटाच्या पैसे भरण्याच्या नोटिसा येतात, त्याही याच जातीच्या. शुल्क फक्त अधिकृत कार्यालयाच्या खात्यात किंवा आपल्या एजंटमार्फत भरायचं.

प्रश्न : व्यवसाय विकतोय. ट्रेडमार्क हस्तांतराचा करार झाला की डोमेनही जातं ना?

जात नाही. करारात डोमेनची यादी वेगळी लिहा, एकेक नाव, रजिस्ट्रार आणि मुदतीसकट. घेणाऱ्याने पूर्ण रक्कम देण्याआधी डोमेन स्वतःच्या खात्यात आलेलं पाहावं. दोघांचा भरवसा बसत नसेल तर एस्क्रो, म्हणजे व्यवहार होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवण्याची सोय, वापरा. विकणाऱ्याने जुने मेलबॉक्स आधी रिकामे करून घ्यावेत, कारण डोमेन गेल्यावर त्या पत्त्यांवर येणारं प्रत्येक पत्र नव्या मालकाला मिळतं, बँकेचं आणि पासवर्ड बदलण्याचंसुद्धा. जिथे जिथे तो पत्ता दिला असेल तिथला तो आधी बदला, मगच ऑथ कोड द्या.